बाटलीतल्या किड्याचा खरा पत्ता

गोगलगाईच्या पोटात काय असतं हे सोलापुरात माझ्याइतकं कुणी बघितलेलं नाही. ही बढाई नाही. बघायला दुसरं कुणी बसलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी सातवी नापास. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात परिचर म्हणून लागलो, म्हणजे शिपाई, आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झालो. आमच्या भवानी पेठेतल्या वाचनालयाचे लोक दिवाळी अंकासाठी घरी आले आणि म्हणाले, "मामा, नोकरीतलं कायतरी लिहून द्या, पण गमतीचं द्या." गमतीचं आहे ते देतो. त्याच्याबरोबर दुसरंही येईल, ते काढून टाकू नका.

गोगलगाय म्हटलं की लोकांना शंखवाली आठवते. आमची बिनशंखाची. काळपट, चपटी, जुन्या चपलेच्या चामड्याचा तुकडा भिजून पडावा तशी. आपल्याकडं ऊन असं, की ही इथं जगते कशी हाच पहिला प्रश्न. पण जगते. मोरीच्या कडेला, नर्सरीतल्या कुंड्यांखाली, अकलूजकडं उसाच्या सरीत. उन्हाळ्यात जमिनीत शिरून पडते, ओल आली की वर येते. आणि तिच्या अंगात किडे राहतात, दोऱ्यासारखे. पुस्तकात त्यांना सूत्रकृमी म्हणतात. मी सूतकिडा म्हणायचो. सोलापुरात सूत म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून विभागात तेच नाव पडलं. त्यातला मोठा म्हणजे तिळाएवढा लांब. बारका डोळ्याला दिसतच नाही, पाण्यात एक रेघ हलल्यासारखी वाटते, तेवढंच.

शिपायाचं काम पाणी भरायचं आणि काचा धुवायच्या. पण नोकरीच्या आधी मी यंत्रमागावर होतो. तुटलेला धागा हुडकायचा आणि सांधायचा, हेच दिवसभर. विभागात एकदा एका मुलाला बशीतला किडा उचलता येईना, मी उचलून दिला. आमच्या प्राध्यापक मॅडम बघत होत्या. म्हणाल्या, "मामा, ती बादली खाली ठेवा. इथं बसा." त्या दिवसापासून माझी खुर्ची सूक्ष्मदर्शकापाशी. पगाराच्या कागदावर मात्र बादलीच राहिली.

किडा चिमट्यानं धरला तर चिरडतो. त्याला बांबूची काडी लागते, टोकाला पापणीचा केस चिकटवलेला. मॅडमनी पहिल्यांदा स्वतःच्या पापणीचा दिला होता, पण माणसाचा केस मऊ पडतो. मी पेठेतल्या गवळ्याकडं जाऊन म्हशीच्या पापणीचा मागितला. गवळी म्हणाला, "करणी करतो काय रं माझ्या म्हशीवर?" त्याला कॉलेजात आणून किडा दाखवला तेव्हा कुठं चार केस मिळाले. एक केस वर्षभर चालला.

आता काम सांगतो. गोगलगाय पाण्यात बुडवून मारायची, हलक्या मिठाच्या पाण्यात उघडायची, आतडं वेगळं, पाय वेगळा, बाकीचं वेगळं. किडे वळवळत बाहेर येतात. त्यांच्यावर गरम पाणी ओतायचं. गरम पाण्यानं किडा आपल्या मूळच्या वळणात ताठ होतो. थंड औषधात टाकला तर वेटोळं होऊन बसतो आणि मोजमाप घेता येत नाही. मग फॉर्मलिन. मग हळूहळू, दिवसामागून दिवस, ग्लिसरीन. घाई केली की किडा वाळल्या शेंगेसारखा चपटा होतो. मग काचपट्टीवर मेणाची रिंग करून आत ठेवायचा. मग लांबी, रुंदी, घशाची लांबी, शेपटीची लांबी. आणि मादीपेक्षा नर महत्त्वाचा. नराच्या शेपटीपाशी दोन वाकडे काटे असतात आणि दोन्ही बाजूंना बारीक फोडांसारखे ठिपके. ते किती आणि कसे मांडलेत, त्यावर जात ठरते. नुसत्या माद्या सापडल्या तर बहुतेक वेळा गप्प बसायचं. आपल्याकडं माणसाची जात आडनाव ऐकून ठरवतात. किड्याची ठरवायला चार महिने लागायचे आणि तरीही मॅडम "बहुतेक" हा शब्द घालायच्या. मला तो शब्द आवडायचा.

मंगळवेढ्याकडचे एक बागायतदार एकदा डाळिंबाच्या मुळ्या पिशवीत घालून आले. मुळ्यांवर गाठीच गाठी.

"तुमी किड्याचे डॉक्टर न्हवं?"

"मी शिपाई हाय."

"असू द्या. माझ्या मुळीत सूत्रकृमी हाय म्हणतेत. तुमच्याकडं गोगलगाईतला सूत्रकृमी हाय म्हणं. दोघांची लढाई लावता येती का?"

मी त्यांना मुळीतनं निघालेलं पिल्लू दाखवलं. त्याच्या तोंडात सुई असते, आतबाहेर होणारी. मग गोगलगाईतला दाखवला. तोंड म्हणजे उघडी नळी.

"ह्याची सुई कुटाय?"

"ह्याला न्हाय. ह्यो टोचत न्हाय, पितो. सडक्यावर जंतू वाढतेत, ते पितो."

"म्हंजे भाऊबंद न्हवंत."

"आडनाव एक, गाव येगळं."

"आमच्यातबी तसंच हाय," म्हणाले आणि मुळ्या तिथंच ठेवून गेले. लढाई लावायची आशा त्यांनी सोडली नसावी.

रेश्मा शेख ही मॅडमची शेवटची विद्यार्थिनी. विजापूर वेशीजवळची, वडील शिंपीकाम करायचे. तिनं पीएचडीला हाच विषय घेतला. पहिल्याच वर्षी तिनं डब्यात गव्हाचा कोंडा टाकून गोगलगाई ठेवल्या, आठवड्यानं बघते तर शेकडो किडे. दोन दिवस ती जमिनीवर नव्हती. मी न बोलता दुसरा डबा लावला. तसाच कोंडा, तसंच ओलं गोणपाट, फक्त गोगलगाय नाही. त्यातही तेवढेच निघाले. किडे कोंड्यातले होते, गाईचा, म्हणजे गोगलगाईचा, संबंध नव्हता.

"क्या मामा," रेश्मा म्हणाली, "दिल तोड दिया."

"पीएचडी तुटण्यापेक्षा दिल तुटलेलं बरं."

त्या दिवसापासून ती मला गुरू म्हणायची, निम्मं चिडवायला. आणि मी तिला सांगायचो, किडा कुठून आला हे ठाऊक नसेल तर तो किडाच नव्हे, कचरा आहे. म्हणून चिठ्ठी. चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची, झाकणावर लावायची नाही, झाकणं बदलतात. शिसपेन्सिलीनं लिहायची, शाई फॉर्मलिनमध्ये विरघळते. तीन गोष्टी लिहायच्या: कुठून, कधी, कुणी गोळा केलं. विभागातल्या दोन कपाटांतल्या बहुतेक सगळ्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या आहेत.

त्यातली एक खोटी आहे. म्हणजे होती.

रेश्माला दर महिन्याला अकलूजच्या उसातल्या गोगलगाई लागायच्या. एक महिना चुकला तर तिचा तक्ता फाटायचा. त्या वर्षी पावसानं ओढ दिली. मी एसटीनं अकलूजला गेलो, दिवसभर सरीत वाकलो, एक सापडली नाही. घरी आलो. घरी कुणी नव्हतं, माझी बायको महादेवी जत्रेला माहेरी गेली होती. तिचं माहेर अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीपाशी तोंड धुताना बघतो तर तिच्या अळूच्या बुंध्याशी तीन गोगलगाई.

ते अळू तिचं. नळाला पाणी येणार चार-पाच दिवसांनी, तरी धुण्याचं, तांदळाचं, भाजीचं सगळं पाणी ती अळूला घालायची. आणि त्या गोगलगाईही तिच्याच. कानडीत त्यांना बसवनहुळ म्हणतात, म्हणजे बसवण्णाचा किडा. शेजारच्या बायका मीठ टाकून मारायच्या. ही पानावर घेऊन पलीकडच्या कोपऱ्यात सोडायची आणि मला म्हणायची, "कॉलेजात काय कापायचं ते कापा. हितल्याला हात लावायचा न्हाय. बिडरी." बिडरी म्हणजे सोडा, राहू द्या. मी तीस वर्षं हात लावला नव्हता.

त्या दिवशी लावला. तिन्ही पत्र्याच्या डब्यात घातल्या. पुढं जोडून सुट्ट्या आल्या, डबा तसाच राहिला, उघडला तेव्हा एक मरून पडली होती. मेलेली फेकून द्यायची असा आमचा नियम, कारण सडल्यावर बाहेरचे किडे शिरतात. पण तीनच होत्या. मी तिन्ही उघडल्या आणि चिठ्ठीवर लिहिलं, अकलूज, उसाची सरी. गोगलगाय ती गोगलगाय, काय फरक पडतो, असं मनात म्हणालो. दुसऱ्याला जे शिकवत होतो ते स्वतःला लावलं नाही.

त्यात एका जातीचा किडा असा निघाला की मॅडम तासभर सूक्ष्मदर्शकावरून उठल्या नाहीत. तीन माद्या आणि एक नर. नराचे ठिपके कुठल्याच पुस्तकातल्यासारखे बसेनात.

"मामा, हे कुठलं?"

"अकलूजचं."

तेव्हाच सांगता आलं असतं. पण शिपायाची एक चिठ्ठी खोटी ठरली की दोन कपाटं खोटी ठरतात, हे मला त्या क्षणी दिसलं. आणि गप्प बसलो.

महादेवी माहेराहून आली, अळूपाशी उभी राहिली.

"तिघी कुटं गेल्या?"

"भारद्वाजानं उचलल्या असतील."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि कपडे भिजवायला घेतले. विषय संपला, असं मला वाटलं.

मॅडम पुढं निवृत्त होऊन मुलाकडं गेल्या. रेश्माची पीएचडी झाली, ती त्याच विभागात शिकवायला लागली. त्या एका नराचा मात्र निकाल लागेना. नवी जात म्हणून जाहीर करायची तर आणखी नर हवेत आणि हल्ली डीएनएही मागतात. फॉर्मलिनमधल्या किड्यातून तो नीट निघत नाही, ताजा किडा लागतो. सात पावसाळे ही मुलगी अकलूजच्या उसात वाकत होती. मी तीन पावसाळे तिच्याबरोबर जाऊन खोट्या जागेवर खोटं शोधलं, मग निवृत्त झालो आणि सुटलो असं समजलो.

गेल्या थंडीत महादेवी गेली. त्यावर मी लिहिणार नाही. मुलगा पुण्याहून आला, तेराव्यानंतर त्यानं अंगण सिमेंटचं करून दिलं, मी घसरून पडू नये म्हणून. अळू उपटताना त्यानं विचारलं होतं, "ठेवायचं का, अण्णा?" मी म्हणालो, काढ. कोण पाणी घालणार होतं.

पावसाळ्यात रेश्मा घरी आली. तिनं आपलं लिखाण बाहेरच्या नियतकालिकाला पाठवलं होतं. तपासणाऱ्यांनी लिहिलं होतं, मुदतीच्या आत ताजे नमुने द्या, नाहीतर हे परत घ्या. ती म्हणाली, "मामा, एक बार चला. नेमकी जागा तुम्हीच दाखवा. तुम्हीच आणला होता ना."

गेलो. अकलूजच्या फाट्याच्या अलीकडं बांधावर उभा राहिलो आणि एका सरीकडं बोट केलं. ती सलवार गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरली. पाचटाची एकेक पाती उचलून बघत होती. तिचेही केस आता पांढरे व्हायला लागलेत, ते वरून दिसत होते.

"वर ये," मी म्हणालो. "हितं न्हाय ते."

"मग पुढच्या सरीत?"

"अकलूजलाच न्हाय. माझ्या घरच्या मोरीतलं हाय ते. मी चिठ्ठी खोटी लिवली."

ती चिखलातच उभी राहिली. पाचट हातात तसंच.

"सात बरसात, मामा."

"व्हय."

"मॅडमना माहीत होतं?"

"न्हाय. कुणालाच न्हाय."

"आणि बाकीच्या बाटल्या?"

"बाकी समद्या खऱ्या हायत."

"ते मी कसं मानू?"

मी म्हणालो, "मानू नगंस. एकेक तपास." ती वर आली, कालव्यावर पाय धुतले, आणि परतीच्या एसटीत माझ्या शेजारी न बसता पुढच्या बाकावर बसली. टेंभुर्णी मागं पडल्यावर मागं वळून न बघता म्हणाली, "मोरीतलं अळू आहे अजून?"

"सिमेंट केलं."

मोहोळच्या आसपास ती उठून माझ्या बाकावर आली. राग गेला नव्हता, पण डोक्यात दुसरं काहीतरी सुरू झालं होतं. तिचं हे मला ओळखीचं होतं.

"मामा, भवानी पेठेत गोगलगाय आपल्या पायानं येत नाही. कुंडीतून येते, कंदाच्या मातीतून येते. ते अळू आलं कुठून होतं?"

लग्नाच्या वर्षी महादेवीनं माहेराहून कंद आणले होते, फडक्यात मातीसकट बांधून. माझ्या मांडीवर ठेवून आणले होते.

पुढच्या रविवारी आम्ही तिच्या माहेरी गेलो. तिथं आता तिच्या भावाची बायको सिद्धव्वा एकटीच असते. सत्तरीची बाई, निम्मं मराठी, निम्मं कानडी. परसात हौदाच्या सांडपाण्यावर अळू माजलं होतं. खाली चपटे दगड. रेश्मानं एक दगड उचलला आणि माझ्याकडं बघितलं. खाली दोन होत्या. ती वाकली.

"थांब," मी म्हणालो. "आधी इचारू."

मी सिद्धव्वाला म्हणालो, "वहिनी, ह्यातल्या दोन न्यायच्या हायत. कॉलेजात."

"कशाला ओ, दाजी?"

मग मी सगळं सांगितलं. डबा, अकलूज, चिठ्ठी, भारद्वाज. घरधनिणीला न विचारता तिच्या अळूतल्या उचलल्या, हेही. सांगताना जमिनीकडं बघत होतो. वहिनी हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसत होती.

"मला ठावं हाय की. महादेवीनं त्याच वर्षी सांगितलेलं. म्हणाली, आमचे म्हणतेत भारद्वाजानं नेल्या. भारद्वाज आमच्या हितं रानात. भवानी पेठेत तिसऱ्या गल्लीत कुठला यायचा? लई हसत होती."

"मला बोलली न्हाय."

"बोलून काय करायचं? म्हणाली, इतकी वर्सं हात लावला न्हाय, एकदा लावला तर कामच तसं आडलं आसंल."

मी हौदाच्या कडेला बसलो. रेश्मा दगडाकडं बघत राहिली.

"न्या," वहिनी म्हणाली. "पण मारायचं न्हाय. आपली आपण मेली तर मग काय करायचं ते करा. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. रेश्मा काही बोलली नाही. वहिनीनं आपल्या हातानं दोन्ही उचलल्या, अळूच्या पानावर घेतल्या आणि डब्यात सोडल्या.

आता गंमत बघा. नोकरीतून सुटलेला म्हातारा रोज सकाळी चालत कॉलेजात जातोय, कशाला, तर दोन गोगलगाईंना काकडी घालायला. ओला कागद बदलायचा, लेंड्या पाण्यात घालून बघायच्या. शेजारी दुसरा डबा, तसाच कागद, तशीच काकडी, आत गाय नाही. कोंड्याची गोष्ट मी विसरलेलो नव्हतो. लेंड्यांत बारकी पिल्लं दिसायची. पिल्लांवरून काही कळत नाही, शेपटी तयार झालेली नसते. वहिनीचा दर आठवड्याला फोन.

"गेली का?"

"न्हाय अजून."

"बरं हाय. काय खाती?"

"काकडी."

"अळू घालत जावा."

रेश्माची मुदत जवळ येत होती. एक दिवस ती कात्री घेऊन डब्यापाशी आली. "एक तरी, मामा."

"शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिला. पेपर माझा आहे. सात वर्षंपण माझी आहेत."

खरं होतं ते. मी म्हणालो, "बरोबर हाय तुझं. मग तू काप. मी भाईर बसतो." आणि व्हरांड्यात जाऊन बाकावर बसलो. आतून काही आवाज येईना. मग ती दारात आली.

"मामा, त्या वेळी तीन होत्या ना? ते किडे नेमके कुठल्या गाईत निघाले?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. अकलूजच्या बांधावरसुद्धा एवढं पोटातच ठेवलं होतं.

"मेलेलीत."

"मेलेली?"

"सुट्टीत डब्यात मेली. दोन-तीन दिस झाले असतील. फेकायची असती, मी उघडली. जित्या दोघींत त्यातलं काय नव्हतं, पिल्लं होती तेवढी."

ती दाराच्या चौकटीला टेकली. मला वाटलं आता ही ओरडणार. ती म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"मामा, आपण सात वर्षं जिवंत कापतोय. मेलेल्या टाकून देतोय." तिनं कात्री खिशात घातली. "किडा आत पिल्लू होऊन बसत असेल. गाय मरेपर्यंत वाढतच नसेल. मेली की तिच्यावर जंतू वाढतात, ते पिऊन मोठा होत असेल. असे असतात, वाचलंय मी. बघायला मिळालेले नाहीत."

म्हणजे सुईवाला टोचतो, कुणी आतडं धरून राहतो, आणि हा एक नुसता वाट बघतो. गाय आहे तोवर तिला त्रास नाही. मी पुन्हा आत जाऊन डब्यात बघितलं. दोघी पानाच्या मागं चिकटून होत्या. एवढी वर्षं बघून मला वाटायचं आता नवीन काय दिसणार. त्या दिवशी घरी जाताना गल्ली चुकलो, विचारातच होतो.

"मग तर ते अकलूजलाही असेल," रेश्मा दुसऱ्या दिवशी म्हणाली. "आपल्यालाच दिसलं नसेल."

"असंल. म्हणून माझी चिठ्ठी खरी ठरत न्हाय."

"नाही ठरत," ती म्हणाली. तिनं गोड बोलून सोडलं नाही, ते बरं केलं.

मुदतीला नऊ दिवस राहिले असताना मोठी गेली. सकाळी गेलो तेव्हा पानावरून सुटून कागदावर पडली होती, काडी लावली तरी आक्रसली नाही. आम्ही तिला ओल्या वाळूवर बशीत ठेवलं, झाकलं आणि थांबलो. पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी वास. चौथ्या दिवशी मी बशी भिंगाखाली धरली तर सूत सांडल्यासारखं वळवळत होतं. रिकाम्या डब्याच्या कागदात एकही नाही.

म्हशीच्या पापणीनं एकेक उचलला. मादी, मादी, मादी. सातवा उचलला तो शेपटीला आखूड. गरम पाणी घातलं, काचेवर घेतला, भिंग मोठं केलं. दोन काटे, वाकडे. ठिपके मोजले, नऊ जोड्या, शेवटच्या तीन जवळजवळ. जुन्या नराची काचपट्टी शेजारी लावली. मी उठून रेश्माला खुर्ची दिली.

ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बहुतेक."

नर एकूण अकरा मिळाले. निम्मे डीएनएसाठी दारूत, निम्मे फॉर्मलिनमध्ये. धाकटी गोगलगाय अजून आहे, काकडी खाते. मुदत चुकली नाही, लिखाण वेळेत गेलं. जुन्या बाटलीतली अकलूजची चिठ्ठी रेश्मानं काढली नाही. जुनं खोडायचं नसतं. तिनं शेजारी दुसरी टाकली, चूक कुठं झाली ते लिहून. मी सही केली. आता आम्ही बुधवारी बसून दोन्ही कपाटं पहिल्यापासून तपासतोय.

वहिनीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग गाईत जल्मभर गप बसून त्यो खातो काय?" मी रेश्माला विचारलं. रेश्मा म्हणाली, माहीत नाही. वहिनीला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "बघा की मग."

नव्या बाटलीसाठी मी चिठ्ठी घेतली, पेन्सिलीला टोक केलं. कुठून, ते लिहिलं. कधी, ते लिहिलं. कुणी गोळा केलं, तिथं थांबलो. रेश्मा हळू आवाजात म्हणाली, "मामीचं नाव घाला ना, मामा. अळू त्यांचंच होतं."

माझा हात कागदावर होता. लिहावंसं वाटलं, फार वाटलं.

"ती नव्हती तितं," मी म्हणालो. आणि सिद्धव्वाचं नाव लिहिलं, कारण डब्यात हातानं तिनं सोडल्या होत्या.

चिठ्ठी रेश्माकडं दिली. तिनं ती उजेडाला धरून दोनदा वाचली, मग बाटलीत टाकली आणि झाकण लावलं. पूर्वी ती माझ्या चिठ्ठ्या वाचत नसे.